तंबाखू कोणाला ‘लागते’ आणि कोणाला लागत नाही

गुरुवार हा आमच्या छावणीच्या बाजाराचा दिवस. पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद या बाजूची माणसं बाजार करतात आणि त्याच फेरीत डॉक्टरलाही दाखवून घेतात. त्यामुळे गुरुवारी माझ्या दवाखान्यात बसायला जागा नसते. अशाच एका गुरुवारी एक तरुण त्याच्या वडिलांना घेऊन आला. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्या हातात एका खासगी प्रयोगशाळेचा रंगीत, जाडजूड रिपोर्ट होता. वजन, केस, झोप, मधुमेह, सगळ्याबद्दल तुमची जनुकं काय म्हणतात ते सांगणारा. त्यातल्या एका ओळीवर त्यानं पिवळा मार्कर फिरवला होता. निकोटीनच्या सवयीचा धोका जास्त, असं तिथं लिहिलं होतं आणि खाली जनुकाचं नाव होतं, सीएचआरएनए५. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, बाबांच्या जनुकातच आहे हे. मग आता सोडायचा प्रयत्न करण्यात काही अर्थ आहे का?”

वडील काही बोलले नाहीत. मान खाली घालून चपलांकडे बघत बसले होते.

या वडिलांना मी सोळा वर्षं ओळखतो. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ते दोघे भाऊ. दोघांनीही तंबाखू एकाच वयात, एकाच चंचीतून सुरू केली, ती चंची त्यांच्या वडिलांची. थोरल्यांनी चाळिशीत माळ घातली आणि त्या दिवसापासून तंबाखूला हात लावला नाही. चार दिवस डोकं दुखलं, थोडी चिडचिड झाली, संपलं. दोन वर्षांनी धाकट्यांनीही माळ घातली. अकरा दिवस टिकले. माळ गळ्यात असताना तंबाखू खाणं मनाला पटेना, म्हणून माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. त्यानंतर त्यांनी आणखी पाच-सहा वेळा प्रयत्न केला.

दर वेळी ते रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले की मी एकच वाक्य म्हणायचो. “तुमच्या भावाला जमलं, तुम्हाला का जमत नाही?” मला वाटायचं, मी त्यांच्या भल्यासाठी बोलतोय. मग ते यायचे बंद झाले. दीड वर्ष आले नाहीत. गोळ्या परस्पर मेडिकलमधून घ्यायचे. आले ते तोंडाची आग होते म्हणून. ठेचा तर सोडाच, साधी आमटीही झोंबत होती. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं आणि डाव्या गालाच्या आत पांढरट-लालसर चट्टा होता. तपासणीत तो कर्करोगाच्या अलीकडच्या पायरीवर निघाला. वेळेत काढता आला, हे नशीब. मी विचारलं, चट्टा कधीपासून आहे? म्हणाले, वर्ष झालं असेल. मग आधी का नाही आलात?

“तुम्ही रागावता, साहेब.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आज जे लिहितो आहे ते त्या वाक्यापोटी. मुलाचा प्रश्न आणि माझी जुनी झापाझापी, दोन्हीत एकच चूक आहे असं माझं मत झालं आहे. ती नीट समजायची तर आधी ते जनुक काय करतं ते बघावं लागेल.

आपल्याकडे एक छान शब्दप्रयोग आहे: तंबाखू लागणे. पहिल्यांदा चिमूट तोंडात टाकली की डोकं गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं, कधी उलटी होते. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, “तंबाखू लागली त्याला, गूळ द्या, पाणी द्या.” सुपारीही अशीच लागते. तुमच्याही ओळखीत असे लोक असतील, ज्यांना कॉलेजात असताना एकदा तंबाखू लागली आणि त्यांनी पुन्हा तोंडाला लावली नाही. आणि असेही असतील, ज्यांना ती कधी लागलीच नाही. पहिल्या दिवसापासून मजाच आली. गंमत बघा, ज्याला तंबाखू लागते त्याला सवय लागत नाही, आणि ज्याला ती लागत नाही त्याला सवय लागते. सरसकट नियम म्हणून नाही, पण बऱ्याच अंशी. या फरकामागे जी कारणं आहेत त्यातलं एक म्हणजे हे जनुक.

आपल्या नसा एकमेकींशी आणि स्नायूंशी रसायनांच्या भाषेत बोलतात. त्यातलं एक रसायन म्हणजे असिटिलकोलीन. एका पेशीनं ते सोडायचं आणि पुढच्या पेशीवर बसवलेल्या कुलपात त्यानं किल्लीसारखं जाऊन बसायचं. कुलूप उघडलं की संदेश पुढे जातो. या कुलपाला रिसेप्टर म्हणतात. असिटिलकोलीनच्या कुलपांचे दोन मोठे प्रकार आहेत. त्यातल्या एकात तंबाखूतलं निकोटीनही बनावट किल्लीसारखं बसतं, म्हणून त्याचं नाव निकोटिनिक रिसेप्टर. शरीरानं कुलूप बनवलं स्वतःच्या रसायनासाठी, नाव मात्र पडलं तंबाखूवरून.

शेतकरी वाचकांना हे कुलूप वेगळ्या वाटेनं ओळखीचं आहे. नाग चावला की पापण्या गळतात, मान धरवत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. कारण नागाच्या विषातला एक भाग स्नायूंवरच्या याच जातीच्या कुलपात जाऊन बसतो आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही. कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड फवारता ना? तेही किडीच्या मज्जासंस्थेतल्या निकोटिनिक रिसेप्टरवरच काम करतं. तंबाखूचं झाड निकोटीन बनवतं तेही मुळात किडींनी आपली पानं खाऊ नयेत म्हणून. जुने शेतकरी तंबाखूच्या पानांचा काढा पिकावर शिंपडतात, त्यामागे हीच गोष्ट आहे. किडीला पळवण्यासाठी झाडानं केलेलं विष आपण चुना लावून गालात धरतो. चुनाही उगाच नाही लावत. तो अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या पातळ आवरणातून भराभर रक्तात उतरतं. आपल्या पूर्वजांनी हे रसायनशास्त्र न शिकता शोधून काढलं. याचं कौतुक करावं की डोक्याला हात लावावा, कळत नाही.

तर हे कुलूप पाच तुकड्यांचं असतं. पाच पाकळ्या गोल जुळवून मधे एक भोक, असं डोळ्यांसमोर आणा. या पाकळ्या बनवण्याच्या कृती आपल्या जनुकांत लिहिलेल्या असतात. माणसात अशी सोळा जनुकं आहेत, आणि कुठल्या पाकळ्या एकत्र आल्या त्यावर ते कुलूप कुठं बसणार, किती हळवं असणार ते ठरतं. सीएचआरएनए५ हे त्या सोळांपैकी एक. ते पंधराव्या गुणसूत्रावर असतं आणि अल्फा-५ नावाची पाकळी बनवतं. ही पाकळी एकटी काही करू शकत नाही. दुसऱ्या पाकळ्यांच्या सोबतीला बसते आणि कुलपाचा स्वभाव बदलते.

काही माणसांच्या या जनुकात एका अक्षराचा फरक असतो. एकच अक्षर. त्यामुळे त्या पाकळीतल्या ३९८ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं येतं. आजार नाही, व्यंग नाही, आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पण अशी पाकळी असलेलं कुलूप निकोटीनला थोडा मंद प्रतिसाद देतं.

मंद प्रतिसाद म्हणजे चांगलंच ना, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी हे कोडं बऱ्यापैकी सुटलं. मेंदूत हॅबेन्युला नावाचा एक अगदी लहान भाग आहे. निकोटीन जास्त झालं की ‘आता पुरे’ हा इशारा तिथून निघतो, आणि त्या भागात अल्फा-५ पाकळी भरपूर असते. ज्या उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं होतं त्यांना निकोटीनचा मोठा डोस मिळाला तरी ते थांबेनात, घेतच राहिले. साधे उंदीर मात्र मोठ्या डोसला हात आखडता घेत होते. मग शास्त्रज्ञांनी त्या एवढ्याशा भागात ते जनुक पुन्हा घातलं, आणि उंदीर पुन्हा थांबायला लागले. म्हणजे ही पाकळी ॲक्सिलरेटर नाही, ब्रेक आहे. तंबाखू ‘लागणं’ हे त्या ब्रेकचं काम. ज्याचा ब्रेक सैल, त्याला ती लागतच नाही.

माणसांमध्ये हे २००८ च्या एप्रिलमध्ये समोर आलं. तीन वेगवेगळ्या संशोधन गटांनी हजारो लोकांची जनुकं तपासली आणि तिघांचंही बोट पंधराव्या गुणसूत्राच्या त्याच तुकड्यावर पडलं. ज्यांच्याकडे या बदलाची एक प्रत होती त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण तीस टक्क्यांनी जास्त, आणि आई-वडील दोघांकडून आलेल्या दोन प्रती असतील तर सुमारे ऐंशी टक्क्यांनी जास्त. आधी वाद झाला की हे जनुक थेट कर्करोग करतं, की माणसाला जास्त ओढायला लावून करतं. पुढच्या कामातून पारडं मुख्यतः दुसऱ्या बाजूला झुकलं. ही माणसं दिवसाला सरासरी एखादीच सिगरेट जास्त ओढतात, पण प्रत्येक झुरका खोल घेतात. रक्तातल्या निकोटीनचा माग मोजला तेव्हा हे दिसलं. पाकिटं मोजून ते दिसत नव्हतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो कळकळीचा होता आणि मी त्याला तिथल्या तिथे पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही. बाहेर वीस माणसं बसली होती.

त्याच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये त्या बदलाच्या दोन प्रती होत्या. ठीक. पण लोक रोज किती सिगरेटी ओढतात यात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला फार तर एक टक्का या एका अक्षरानं समजावता येतो. एक टक्का! यकृतात निकोटीनची विल्हेवाट लावणारं सीवायपी२ए६ नावाचं आणखी एक जनुक आहे. ज्याच्यात ते झपाट्यानं काम करतं त्याला तलफही लवकर येते. २०२२ मध्ये चौतीस लाख लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या मोठ्या अभ्यासात तंबाखू आणि दारूच्या सवयींशी नातं असलेल्या जवळजवळ चार हजार जागा जनुकांत सापडल्या. चार हजारांतल्या एका जागेवर पिवळा मार्कर फिरवून माणसाचं भविष्य सांगणं हे मला कुंडलीपेक्षा फार वेगळं वाटत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एवढं कळतं की निकोटीनच्या व्यसनातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे. म्हणजे उरलेला निम्मा घर, मित्र, टपरी, पुडीची किंमत आणि सुरुवातीचं वय यांचा. आणि जो निम्मा आनुवंशिक आहे, तोसुद्धा ‘सुटणार नाही’ असं म्हणत नाही. ‘याला जास्त मदत लागेल’ एवढंच म्हणतो.

दुसरं म्हणजे, हा सगळा अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या, सिगरेट ओढणाऱ्या लोकांवर झाला आहे. हा बदल त्यांच्यात बराच आढळतो, पूर्व आशियातल्या लोकांत अगदी विरळ. आणि आपला महाराष्ट्र ओढणारा नाही, चघळणारा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि लवकर उतरतं. गालातल्या चिमटीचं हळू चढतं आणि बराच वेळ टिकून राहतं. त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येत नाहीत. रिपोर्ट विकणारे हे सांगत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तंबाखू सोडायची म्हणून जनुकतपासणी करू नका. तिच्या निकालानं तुमच्या उपचारात आज तरी काहीही बदलत नाही. त्याच पैशांत काही आठवड्यांची औषधं येतील. आणि धाकट्यांचा ब्रेक सैल आणि थोरल्यांचा घट्ट, असंही मी ठामपणे म्हणणार नाही, कारण थोरल्यांची तपासणी झालेली नाही आणि करायची गरजही नाही.

मग या जनुकाचा सामान्य माणसाला उपयोग काय? मला विचाराल तर एकच, आणि तो रुग्णापेक्षा आम्हा डॉक्टरांना आणि घरच्यांना जास्त आहे. ‘इच्छाशक्ती’ हा शब्द जपून वापरायचा.

आपल्या राज्याचेच लोक बघा. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि आपल्या सवयीबद्दल, वेळीच कोणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं याबद्दल ते नंतर जाहीरपणे बोलले आहेत. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, गावोगावी झाडू हातात घ्यायला लावणारे, डान्स बार बंद करायचा निर्णय घेणारे गृहमंत्री. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगानं गेले. त्यांची तंबाखूची सवय महाराष्ट्राला माहीत होती. यांच्या जनुकांबद्दल मी काहीही म्हणत नाही, मला ते माहीत असण्याचं कारण नाही. पण या दोघांना इच्छाशक्ती कमी होती असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? मग माझ्या दवाखान्यातल्या वाळूजच्या कामगाराला, रिक्षावाल्याला मी ते कुठल्या तोंडानं म्हणत होतो?

निकोटीन रोज मिळायला लागलं की मेंदू त्या कुलपांची संख्या वाढवतो. तंबाखू बंद केली की ही जास्तीची कुलपं रिकामी राहतात आणि किल्ली मागत बसतात. तीच तलफ. चिडचिड, झोप न लागणं, पोट साफ न होणं, कामात लक्ष न लागणं हे सगळं त्यातूनच येतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये कुलपांची संख्या न खाणाऱ्या माणसाइतकी व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागलेले दिसले आहेत. धाकट्यांचे अकरा दिवस आठवा. ते अकरा दिवस म्हणजे नापास झाल्याचा निकाल नव्हता. चढणीचा सगळ्यात कठीण भाग त्यांनी एकट्यानं, औषधाशिवाय पार केला होता, आणि मी त्यांना भावाशी तुलना करून खाली ढकललं.

औषधं आहेत, आणि ती त्याच कुलपावर चालतात. निकोटीनचं च्युइंगम किंवा चघळायची गोळी यातून निकोटीन मिळतं, पण तंबाखूतली कर्करोग करणारी द्रव्यं मिळत नाहीत. लक्षात घ्या, तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसामाइन या रसायनांमुळे आणि सुपारीमुळे होतो. निकोटीनचं काम तुम्हाला बांधून ठेवण्याचं. च्युइंगम मात्र साध्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नाही. हळूहळू चावायचं, जिभेला झणझण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, झणझण गेली की पुन्हा चावायचं. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. चहा-कॉफीनं तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही. चुन्याच्या बरोबर उलटं. ‘च्युइंगमनं काही फरक पडला नाही’ म्हणणारे माझे निम्मे रुग्ण ते चहाबरोबर खात होते.

व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी जास्त चतुर आहे. ती कुलपात बसते, पण ते अर्धंच उघडते. त्यामुळे तलफ कमी होते, आणि वरून तंबाखू खाल्ली तरी पूर्वीची मजा येत नाही, कारण जागा आधीच अडलेली असते. सिगरेट सोडणाऱ्यांत, औषधाविना सोडणाऱ्यांपेक्षा साधारण दुपटीहून जास्त लोक या गोळीनं यशस्वी होतात. खायच्या तंबाखूवर संशोधन कमी झालं आहे, पण तिथंही ही गोळी, निकोटीनची चघळायची गोळी आणि समुपदेशन यांचा फायदा दिसला आहे. च्युइंगमचा तिथला पुरावा तितका भक्कम नाही, तरी काहींना आधार म्हणून मी देतो. किडनीचा त्रास असेल तर व्हॅरेनिक्लीनचा डोस बदलतो, मळमळ होते, विचित्र स्वप्नं पडतात. तेव्हा डॉक्टरला विचारूनच घ्यायची. व्हॉट्सॲपवर वाचून नाही.

सुपारीबद्दल दोन शब्द, कारण तंबाखू सोडून ‘नुसती सुपारी’ खाणारे मला रोज भेटतात. तोंड उघडायचं कमी होतं ते मुख्यतः सुपारीनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवलं आहे. आणि २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं की सुपारीतलं अरेकोलीन काही निकोटिनिक कुलपांवरही काम करतं. म्हणजे तंबाखू सोडून सुपारी धरली की एक बनावट किल्ली टाकून दुसरी घेतल्यासारखं. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मग टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी शेजारी शेजारी लटकायला लागली. गिऱ्हाइकानं तळहातावर दोन्ही मिसळायच्या. कायदा पाळलाही आणि मोडलाही.

आणि बायकांना तर कोणी विचारतच नाही. “तंबाखू खाता का?” “नाही बाई!” “मिश्री लावता का?” “ती तर दात घासायला.” ही दात घासायची मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि दिवसातून चार-पाच वेळा ‘दात घासावे’ वाटणं ही तलफच. मुंबईत गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती. माझ्याकडे आलेल्या सासूबाई सुनेला मिश्री लावू नको सांगतात आणि स्वतःची डबी कमरेला असते. त्यांनाही मी आता रागावत नाही. डबी दाखवा म्हणतो.

गंमत म्हणून सांगतो, डॉक्टरांचं न ऐकण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या वकिलानं विजापूरहून, म्हणजे आपल्या दख्खनेतून, अकबराच्या दरबारात तंबाखू नेली. बादशहाच्या हकिमानं विरोध केला की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, तिची पारख झालेली नाही. हकिमाचं कोणी ऐकलं नाही.

आता कामाचं. रोज तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री घेणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? गालाच्या आत, जिभेच्या कडांना, ओठाच्या आत, जिथं चिमूट ठेवता तिथं पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन आठवड्यांत न भरलेली जखम? तिखट अचानक झोंबायला लागलंय? यातलं काही असेल तर तंबाखू सोडायची वाट बघू नका, आधी दाखवा. घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथं जाण्यासाठी आधी व्यसनमुक्त व्हावं लागत नाही. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर सोडण्यासाठी मदत करणाऱ्या सरकारी फोनसेवेचा आहे, पैसे लागत नाहीत. कर्करोगाच्या फोटोकडे बघायचं टाळताना लोकांचं नंबराकडेही लक्ष जात नाही.

घरच्यांनी काय करायचं? तुलना नको. शपथा नकोत, निदान मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तर नकोतच. शपथ मोडली की माणूस तंबाखू सोडत नाही, लपवायला शिकतो. आणि लपवणाऱ्याचा चट्टा उशिरा सापडतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

त्या गुरुवारी बाजार उठल्यावर, संध्याकाळी, मी मुलाला आणि वडिलांना परत बोलावलं. रिपोर्ट बाजूला ठेवला. धाकट्यांना विचारलं, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली चिमूट लागते? म्हणाले, चूळ भरायच्या आधी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा गरगरलं होतं का? हसले. “नाही साहेब. दादाला गरगरलं होतं, तो बांधावर आडवा पडला होता. मला काहीच झालं नाही. मी त्याच्या वाटणीचीही खाल्ली.” मुलानं हे पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही तारीख ठरवली, गोळी सुरू केली, आणि तारखेच्या आधीच्या आठवड्यात रोज कधी, कुठं, कोणाबरोबर खाल्ली ते वहीत लिहायला सांगितलं. तेव्हापासून ते दर गुरुवारी येतात. मधे दोनदा खाल्ली, दोन्ही वेळा स्वतःहून सांगितलं.

तुम्ही येणार असाल तर सकाळी अकराच्या आत या, गर्दी कमी असते. आणि येताना खिशातली पुडी, चंची, डबी जे असेल ते घरी ठेवून येऊ नका. दिवसाला किती आणि कोणती, हे बघूनच मला डोस ठरवावा लागतो.